मन फिरले की माल खोटा?

मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रापुढे घेणाऱ्यांची जशी गर्दी होते, तशीच पुढे पंधरा-वीस दिवसांनी परत देणाऱ्यांची होते. कोणाच्या खांद्याला बॅटरीवरचा फवारणी पंप असतो, कोणी ट्रॉलीत सबमर्सिबल मोटर घालून आणलेली असते, कोणाच्या हातात टॉनिकची अर्धी बाटली असते. म्हणणे सगळ्यांचे एकच. "हे काही आपल्या कामाचं नाही, परत घ्या अन् पैसे द्या." दुकानदाराचे उत्तरही ठरलेले. "अण्णा, वापरलेला माल कसा परत घेऊ? पावतीवर लिहिलंय की!" मग आवाज चढतो, चार माणसे गोळा होतात आणि शेवटी कोणीतरी दम देतो, "ग्राहक मंचात खेचतो तुला."

शेतकरी बंधू-भगिनींनो, या भांडणात बहुतेक वेळा दोन्ही बाजू चुकीचे बोलत असतात. हात हलवत परत जावे लागते ते मात्र शेतकऱ्याला. म्हणून हंगामाच्या धावपळीत का होईना, हा विषय एकदा नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट कडू आहे, ती आधी सांगतो. दुकानात जाऊन, डोळ्यांनी पाहून, पैसे मोजून घेतलेला चांगला माल केवळ मन बदलले म्हणून परत देण्याचा हक्क आपल्याकडे ग्राहकाला कायद्याने दिलेला नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो नव्हता आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही तो नाही. पंप घेतला, दोन दिवस फवारणी केली, मग शेजाऱ्याकडचा हलका पंप पाहिला आणि आपला जड वाटू लागला, तर ती तुमची नापसंती झाली, पंपाचा दोष नव्हे. दुकानदाराने परत घेतला तर तो त्याचा भलेपणा, नाही घेतला तर त्याच्यावर कोणताही आयोग कारवाई करणार नाही.

यात दुकानदाराचीही एक बाजू आहे. दोन दिवस औषध भरून फिरवलेला पंप त्याने परत घेतला, तर तो नवा म्हणून विकता येत नाही. आणि त्याने तो पुसून-पासून नवा म्हणून विकलाच, तर तो कोणाच्या पदरात पडणार? तुमच्याच गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या. औषधाचा वास असलेला पंप 'नवीन' म्हणून आपल्याला कोणी दिला तर आपण काय म्हणू, याचा विचार व्हावयास हवा.

आता दुसरी गोष्ट. ही दुकानदार मंडळींनीही वाचावी. माल सदोष असेल तर 'वापरलेला आहे' हे उत्तरच होऊ शकत नाही. मोटर पाण्यात सोडून चालू केल्याशिवाय ती पाणी फेकते की नाही हे कसे कळणार? बियाणे पेरल्याशिवाय उगवते की नाही हे शेतात कसे दिसणार? शेतीच्या मालाचा दोष वापरल्यावरच उघड होतो. तेव्हा वापर झाला म्हणून हक्क संपला, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

उलट २०१९ च्या कायद्यात 'दोष' या शब्दाचा अर्थ फार व्यापक धरला आहे. दर्जा, प्रमाण, शक्ती, शुद्धता यांत जी उणीव असेल ती दोष. कायद्याने ठरवलेल्या प्रतीपेक्षा माल कमी असेल तर तो दोष. आणि विकणाऱ्याने जो गुण सांगून माल विकला तो गुण मालात नसेल, तर तोही दोषच. याच कायद्याच्या कलम २ मधील ४७ व्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. तीत बिल न देणे ही एक प्रथा सांगितली आहे. सदोष माल विकल्यावर पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही दुसरी. म्हणजे 'एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही' हे लाल शाईतले वाक्य सदोष मालाच्या बाबतीत कुचकामी आहे. ग्राहक आयोगांनी असे सरसकट वाक्य छापणे हीच अनुचित प्रथा ठरवल्याची उदाहरणे आहेत. तरीही ते वाक्य अजून बिलांवर दिसते आणि भोळा माणूस ते वाचून माघारी फिरतो.

घोटाळा होतो तो इथेच. ज्याचे मन फिरले आहे तो म्हणतो, "माल खराब आहे." आणि ज्याचा माल खरोखर खराब आहे तो बिचारा म्हणतो, "मला हा आवडला नाही, परत घ्या." पहिल्याची लबाडी तपासणीत उघडी पडते. त्यामुळे त्याच्यामागून येणाऱ्या खऱ्या तक्रारदाराकडेही दुकानदार आणि अधिकारी संशयाने पाहू लागतात. दुसरा तर स्वतःच्याच तोंडाने स्वतःची केस घालवून बसतो, कारण 'आवडला नाही' याला कायद्यात औषध नाही. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी स्वतःलाच विचारा, माझे मन फिरले आहे की माल खोटा निघाला आहे?

मोटरचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त पैसे त्यातच अडकतात. समजा बोअर तीनशे फूट खोल, तिथून पाणी आणखी चढावर हौदात न्यायचे. दुकानदाराने ५ एचपीची मोटर दिली, ती सोडली, आणि पाणी हौदापर्यंत पोचलेच नाही. मोटर जळालेली नाही, आवाज नाही, गळती नाही. दुकानदार म्हणतो, मोटर चांगली आहे. शेतकरी म्हणतो, पाणी येत नाही. खरे कोणाचे? ते एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. बोअरची खोली, पाण्याची पातळी, पाइपलाइनची लांबी आणि चढ तुम्ही घेताना सांगितला होता का? १९३० च्या मालविक्री कायद्यात असे आहे की, घेणाऱ्याने आपले काम काय ते सांगितले आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या नेहमीच्या धंद्यातला माल घेतला, तर तो माल त्या कामाला योग्य असावा ही अट विक्रीतच गृहीत धरली जाते. तुम्ही सारे सांगितले आणि त्याने कमी स्टेजचा पंप माथी मारला, तर जबाबदारी त्याची. तुम्ही नुसते "पाच एचपीची द्या" म्हणून, नाव सांगून उचलून आणली, तर जबाबदारी तुमची.

पण सांगितले होते हे सिद्ध कसे करणार? म्हणून माझा आग्रह असतो की मोटरच्या बिलावरच लिहून घ्या : 'बोअर ३०० फूट, पाइप अमुक फूट, चढ अमुक फूट, यासाठी दिली.' एक ओळ लागते. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर तिथेच समजून जा आणि दुसरे दुकान पाहा.

त्याच १९३० च्या कायद्यातली आणखी दोन कलमे शेतकऱ्याला माहीत असायला हवीत. माल हातात आल्यावर तो तपासून पाहण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळालीच पाहिजे. मात्र तपासल्यावर गप्प बसून बरेच दिवस माल ठेवून घेतला, किंवा मालकासारखा वापरू लागलो, तर तो स्वीकारला असे धरले जाते. मग माल परत करण्याचा दावा दुबळा होतो आणि नुकसानभरपाई मागण्यापुरतेच उरते. म्हणून दोष दिसला की वापर तिथेच थांबवा. "चाललंय तोवर चालवू, हंगाम उरकला की परत देऊ" हा विचार पुष्कळांना नडतो. दुसरे असे की, योग्य कारणाने माल नाकारला असेल, आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो स्वतः वाहून परत नेऊन देण्याची सक्ती घेणाऱ्यावर नाही. नाकारत असल्याचे कळवले की पुरे. कळवायचे मात्र लेखी. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते.

आता ज्यांना खरोखरच घेतल्यावर मन बदलण्याची शक्यता वाटते त्यांच्यासाठी. नवे यंत्र आहे, आपल्या जमिनीत चालेल का, बाईमाणसाला पेलेल का, शंका आहे. अशा वेळी आपल्या बाजारात एक जुनी, चांगली पद्धत आहे, जांगड. कापड, दागिने, भांडी जांगड नेण्याची रीत आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. पसंत पडले तर ठेवायचे, नाही तर सांगितलेल्या मुदतीत परत. कायद्यानेही ही पद्धत मानली आहे. जांगड दिलेला माल तुम्ही पसंती कळवेपर्यंत, किंवा नकार न कळवता मुदत उलटेपर्यंत, दुकानदाराच्याच मालकीचा राहतो. पण सांभाळा. चाचणीपुरता वापर वेगळा आणि सगळे रान उरकून घेणे वेगळे. जांगड आणलेल्या पंपाने दहा एकर फवारले तर ती पसंतीच झाली, मग तोंडाने काहीही म्हणा.

जांगडीचा सौदा तोंडी करू नका. पावतीवर असे लिहून घ्यावे : 'यंत्र ५ दिवसांच्या चाचणीसाठी दिले. एक एकरापर्यंत चालवण्यास हरकत नाही. पसंत न पडल्यास पूर्ण रक्कम रोख परत.' खाली तारीख, सही, शिक्का. 'रोख परत' हे शब्द विसरू नका, नाही तर दुकानदार म्हणतो, "पैसे नाहीत, बदली दुसरं काहीतरी न्या." ने-आण कोणाच्या खर्चाने तेही ठरवा. जो दुकानदार स्वतःच्या मालावर विश्वास ठेवतो त्याला हे लिहून द्यायला जड जात नाही, असे माझे मत आहे. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी तर दर्शनी भागात पाटीच लावावी, कोणता माल किती दिवसांत, कोणत्या अवस्थेत परत घेतला जाईल. निम्मी भांडणे त्या पाटीने मिटतील.

बियाण्याची गोष्ट मात्र वेगळी. बियाणे पेरले की परत देण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून जे करायचे ते पेरणीआधी. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी. घरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून आठवडाभरात किती उगवतात ते मोजा. सत्तरच्या खाली आले तर न फोडलेल्या पिशव्या बिलासह लगेच दुकानात न्या. इथे तुमचे मन फिरलेले नाही, माल प्रतीला उतरलेला नाही, हे स्पष्ट सांगा. पिशवी फोडताना वरून फाडू नका, खालून फोडा, म्हणजे टॅग आणि लेबल शाबूत राहते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. तो, रिकामी पिशवी, बिल आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपा. रिकाम्या पिशव्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकून मग तक्रार करायला येणारे दर हंगामात भेटतात.

पेरूनही उगवले नाही तर ताबडतोब तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पाहणी होईपर्यंत ते रान मोडू नका. पाहणीत ओल किती होती, दाणा किती खोल पडला हेही बघितले जाते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच धूळपेर केली असेल, किंवा सोयाबीन बोटभराहून खोल गाडले असेल, तर बियाण्याला दोष देता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला होता, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होते त्यांचे म्हणणे टिकले. बियाणे घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' आहे का, असा वाद कंपन्या पूर्वी घालत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात तो मिटवला. शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा वेगळा असला तरी तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, आणि सगळे बियाणे पेरून टाकले म्हणून नमुना उरला नाही, एवढ्यावर त्याची तक्रार फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून काय नमुना ठेवू नये असे नव्हे. मूठभर बियाणे ठेवायला काय जाते?

अनुदानाच्या यंत्रांचाही एक घोळ आहे. महाडीबीटीवर अर्ज केलेला असतो, पूर्वसंमती आलेली नसते आणि घाईने रोटाव्हेटर घेतला जातो. नंतर कळते की पूर्वसंमतीआधीची खरेदी अनुदानाला चालत नाही. मग दुकानदाराला गळ घालतात, यंत्र परत घे. त्याने बिलावर किंवा कोटेशनवर अनुदानाची हमी लेखी दिली असेल तर भांडायला जागा आहे. नुसते "मिळतंय की हो दादा" म्हणाला असेल तर ते सिद्ध होणे अवघड. ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. आरटीओत नोंद झाली, बँकेचा बोजा चढला की गाडी परत देण्याची भाषा संपली. यंत्रात दोष असेल तर हमीपत्राप्रमाणे दुरुस्ती, बदली किंवा भरपाई मागता येते, पण हप्ता मोठा वाटतो हे कारण कोणी ऐकून घेणार नाही. आणि दुकानदाराशी वाद चालू आहे म्हणून बँकेचा हप्ता थांबवला तर व्याज चढते, ते वेगळेच.

मोबाइलवरून मागवलेल्या मालाला दहा दिवसांत परत करायची सोय दिसते, ती बहुधा कंपनीने स्वतः दिलेली सवलत असते. ती प्रत्येक वस्तूला असेलच असे नाही. मागवण्याआधी वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल मात्र त्यांना परत घ्यावाच लागतो. खोके उघडताना घरातल्या पोराला व्हिडिओ काढायला सांगा.

नुसते मन बदलले म्हणून परत देण्याचा हक्क नियमाने दिलेली एक गोष्ट मात्र आहे, आणि नेमकी तीच गावात कोणाला ठाऊक नसते. ती म्हणजे आयुर्विमा किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी. २०२४ च्या विमा नियमांनुसार पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, कारण पटले नाही एवढे पुरते. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. कर्ज घेताना सोबत चिकटवलेली पॉलिसी नको असेल तर महिन्याच्या आत लेखी कळवा.

तक्रार कोठे करायची, तर आधी दुकानदाराला लेखी, त्याची पोच घेऊन किंवा स्पीड पोस्टाने. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मंच हे नाव २०१९ च्या कायद्याने गेले. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेला ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र असेल तर तुम्ही ग्राहकच. चार-पाच यंत्रे घेऊन भाड्याचा धंदा मांडला असेल तर तो व्यापार ठरू शकतो. निकालाला कायद्याने महिने सांगितलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे लपवून उपयोग नाही. म्हणूनच दहा-पंधरा हजारांच्या पंपासाठी दुकानदाराशी सामोपचाराने, थोडे इकडे-तिकडे करून मिटत असेल तर मिटवावे.

आणि गावातल्या आम्हा अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. सहायक कृषी अधिकारी असोत वा ग्रामपंचायत अधिकारी, शेतकरी माल परत करण्याची तक्रार घेऊन आला की आधी बिल मागावे, तारीख पाहावी आणि वर सांगितलेला प्रश्न त्याला विचारावा. मन फिरले असेल तर "कायद्यात बसत नाही, दुकानदाराला विनंती करून बघा" असे तोंडावर सांगावे. कीव करून 'यंत्र निकामी' असा पंचनामा लिहून देऊ नये, तो पुढे आयोगात उलटतो. आणि दोष खरा असेल तर पाहणी आठवड्यावर ढकलू नये. न उगवलेल्या रानात पंधरा दिवसांनी तण माजते, दुबार पेरणी होऊन जाते, मग पंचनामा कशाचा करणार? अर्ज आला त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवून शेतकऱ्याला तारीख-शिक्क्याची पोच द्यावी. शेतकऱ्यानेही पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नये.